कमरेला रिव्हॉल्वर आहे, पण म्यान कुठाय?

मंडळी, खड्डे, पाणी, सिडकोची घरं, टोल हे विषय आज बाजूला. आज लिहायचंय ते रिव्हॉल्वर कशात ठेवावं याबद्दल. म्हणजे होल्स्टरबद्दल. हसू नका. पनवेल-उरण पट्ट्यातल्या एखाद्या हळदीला किंवा वाढदिवसाच्या स्टेजवर तुम्ही गेला असाल, तर कुर्त्याच्या खाली कमरेला आलेला तो फुगवटा तुम्हीही बघितलाय. बघून न बघितल्यासारखं केलंय. मीही बातमीच्या निमित्ताने असे फुगवटे वर्षानुवर्षं बघतोय. त्यातल्या बहुतेकांच्या खाली होल्स्टर नसतं. नाडीत खोचलेलं असतं, नाहीतर खिशात सोडलेलं, नाहीतर गाडीच्या डॅशबोर्डमध्ये आरसी बुक आणि गुटख्याच्या पुड्यांच्या सोबत.

आणि बऱ्याचदा ते हत्यार जुनं असतं. बापाचं किंवा चुलत्याचं. जमिनीचे पैसे आले तेव्हा घेतलेलं, किंवा त्याच्याही आधीचं.

आता एक ताजी आठवण. १ ऑक्टोबर २०२४ ची पहाट, जुहू. अभिनेता आणि माजी खासदार गोविंदा कोलकात्याच्या विमानासाठी निघायच्या तयारीत होता. स्वतःचं लायसन्स असलेलं रिव्हॉल्वर कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं, खाली पडलं आणि गोळी सुटून त्याच्या डाव्या पायात गुडघ्याखाली घुसली. ऑपरेशन करून गोळी काढली, ४ ऑक्टोबरला तो घरी आला. त्या वेळी पोलिसांच्या हवाल्याने आलेल्या बातम्यांत तीन गोष्टी होत्या: रिव्हॉल्वर .३२ बोअरचं आणि जुनं होतं, त्यात सहाच्या सहा गोळ्या भरलेल्या होत्या, आणि त्याच्या लॉकचा एक भाग तुटलेला होता.

सोशल मीडियावर त्या आठवड्यात काय चाललं होतं आठवतंय ना? मीम्स. स्वतःच स्वतःला गोळी कशी लागते, काहीतरी लपवताहेत, वगैरे वगैरे. कुणी म्हणालं पडून कधी गोळी सुटते का, सिनेमा आहे का हा. मला वाटतं आपलं अज्ञान तिथेच उघडं पडलं. पडून गोळी सुटते. जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्वरमधून तर नक्की सुटू शकते, आणि ही गोष्ट जगाला दीडशे वर्षांपासून माहीत आहे.

थोडं यंत्राबद्दल सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मुंबईच्या टपोरी भाषेत पिस्तुलालाच 'घोडा' म्हणतात. पण मूळ मराठीत घोडा म्हणजे बंदुकीचा तो मागचा भाग, जो चाप ओढला की पुढे आपटतो आणि काडतुसाच्या बुडाला ठोसा देतो. ठासणीच्या बंदुकीपासून हा शब्द आहे. आपल्या रायगडातल्या डोंगरपट्ट्यातल्या म्हाताऱ्यांना विचारा, पीक राखायच्या ठासणीच्या बंदुकांबद्दल बोलताना ते अजूनही हाच शब्द वापरतात.

जुन्या घडणीच्या रिव्हॉल्वरमध्ये, म्हणजे १८७३ च्या कोल्टसारख्या किंवा त्याच्याही आधीच्या टोपीवाल्या रिव्हॉल्वरमध्ये, घोडा खाली असतो तेव्हा तो थेट काडतुसावर किंवा टोपीवर टेकलेला असतो. मध्ये काहीच नसतं. अशा वेळी हत्यार हातातून पडलं आणि नेमकं घोड्यावर आपटलं, की तो आपटा सरळ काडतुसाला बसतो. चापाला बोट लागायची गरजच नाही. पुढे काही कंपन्यांनी घोडा आपटून झाल्यावर किंचित मागे येऊन थांबेल अशी रचना केली. पण ती रचना एका छोट्याशा पोलादी भागावर अवलंबून असते. तो झिजला किंवा तुटला, की तुमच्या हातात पुन्हा १८७३ सालचं हत्यार. फक्त तुम्हाला ते माहीत नसतं.

आधुनिक रिव्हॉल्वरमध्ये घोडा आणि पिन यांच्या मध्ये एक पट्टी असते. चाप पूर्ण ओढल्याशिवाय घोड्याचा ठोसा पिनपर्यंत पोचतच नाही. अमेरिकेतल्या रुगर कंपनीने आपल्या जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्वरमध्ये १९७३ साली ही पट्टी आणली, आणि त्याआधी विकलेल्या रिव्हॉल्वरमध्ये ती फुकट बसवून द्यायची तयारी दाखवली. का? कारण हत्यार पडून माणसं जखमी होत होती आणि कोर्टात केस होत होत्या. आपल्याकडे कोण केस करणार? आपण मीम करतो.

ही पट्टी यायच्या आधी लोक काय करायचे? साधा उपाय होता. सहा घरांपैकी पाचच भरायची आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवून ठेवायचा. बस. हा नियम न पाळणाऱ्यांत एक फार मोठं नाव आहे. वायट अर्प, अमेरिकन वेस्टर्न सिनेमांचा लाडका. जानेवारी १८७६ मध्ये कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावी हा माणूस पोलिसात होता. सलूनच्या मागच्या खोलीत खुर्चीत बसला असताना त्याचं रिव्हॉल्वर होल्स्टरमधून घसरून खाली पडलं. घोडा टोपीवर टेकलेला होता, तो बहुधा खुर्चीवर आपटला आणि गोळी सुटली. कोटातून आरपार गेली, भिंतीला लागली आणि छतातून बाहेर. गावच्या पेपरात बातमी आली. म्हणजे होल्स्टर होतं, पण ढिलं होतं, आणि सहावी गोळी होती. दोन्ही चुका एकदम. बंदुकीत ज्याची दंतकथा झाली त्याची ही गत. मग आपल्या बिल्डर-कॉन्ट्रॅक्टर मंडळींचं काय सांगायचं.

होल्स्टर या शब्दाला मराठीत सगळ्यात जवळचा शब्द म्हणजे म्यान. तलवारीला म्यान असायचं. भांडण मिटलं की 'तलवारी म्यान केल्या' असं आपण आजही म्हणतो. पण रिव्हॉल्वर आलं आणि म्यानाचं भान गेलं. त्याची जागा पँटच्या पट्ट्याने घेतली.

वाईट होल्स्टर हे होल्स्टर नसण्याइतकंच वाईट, हेही सांगायला हवं. नाक्यावर किंवा ऑनलाइन मिळणारं 'सगळ्या रिव्हॉल्वरला बसतं' असं ढगळ रेक्झिनचं पाकीट घेऊ नका. सगळ्यांना बसतं म्हणजे कुणालाच नीट बसत नाही. चांगल्या होल्स्टरची परीक्षा घरी करता येते. हत्यार पूर्ण रिकामं करा, स्वतः बघा, दुसऱ्याला दाखवा, मग होल्स्टरमध्ये घाला. चाप आणि चापाभोवतीचं कडं पूर्ण झाकलं गेलं पाहिजे. होल्स्टर उलटं धरून हलकेच हलवलं तर हत्यार पडता कामा नये. घोड्यावरून जाणारा पट्टा किंवा वादी असली पाहिजे, कारण जुन्या रिव्हॉल्वरचा घोडा उघडा असतो, शर्टात अडकतो, अर्धवट मागे ओढला जातो आणि सुटतो. आणि होल्स्टरचं तोंड कडक हवं. जुनं चामडं मऊ होऊन तोंडाशी आत दुमडतं. रिव्हॉल्वर परत आत सारताना ती दुमड चापाच्या कड्यात शिरते आणि बोटासारखं काम करते. बाहेर काढताना जेवढी काळजी लागते त्याहून जास्त परत आत घालताना लागते. आपल्याकडे लोकांना काढायची घाई, घालायची त्याहून घाई.

आणखी एक, खास आपल्या हवेसाठी. चामड्याच्या होल्स्टरमध्ये हत्यार महिनोन्महिने ठेवून देऊ नका. होल्स्टर अंगावर वागवायला असतं, साठवायला नसतं. चामडं ओल धरतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे रिव्हॉल्वरचं काय होईल? पोलादाला गंज आणि पितळी काडतुसांवर हिरवट थर, जसा आजीच्या काळात आंबट ठेवलेल्या पितळी भांड्याला यायचा. मग ते काडतूस घरात अडकतं, सिलिंडर फिरत नाही, माणूस वैतागून हत्यार आपटतो, हलवतो. पुढचं तुम्हीच समजा.

आता रेंजकडे येतो, कारण खरा मुद्दा तिथे आहे.

नेमबाजीत महाराष्ट्र कुठे आहे हे तुम्हाला सांगायला नको. अंजली भागवत, २०१० साली म्युनिकमध्ये जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत, १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळवणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे. आपल्या दारातलंच उदाहरण म्हणजे सुमा शिरूर. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये एअर रायफलची फायनल खेळलेली ही नेमबाज पनवेलमध्ये लक्ष्य शूटिंग क्लब चालवते. टोकियोत पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकणाऱ्या अवनी लेखराची ती कोच. म्हणजे नेमबाजीची शिस्त बघायला आपल्याला कुठे लांब जायची गरज नाही.

अशा कुठल्याही दहा मीटरच्या रेंजवर जाऊन अर्धा तास नुसतं उभं राहा. बारा-तेरा वर्षांची पोरं असतात. एअर रायफल पेटीतून येते, पेटीत जाते. नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग असतो, म्हणजे लांबूनही दिसतं की आत काही नाही. नळीचं तोंड कायम टार्गेटच्या दिशेने. 'लोड' म्हटल्याशिवाय छर्रा घालायचा नाही. 'स्टॉप' म्हटलं की थांबायचं, अर्धा श्वास सोडलेला असला तरी. कुणी मान वळवताना नळी वळवली तर कोचचा असा आवाज येतो की पुन्हा आयुष्यात वळवणार नाही. आणि हे सगळं एका छर्ऱ्याच्या बंदुकीसाठी! त्याच शहरात पन्नाशीचा गृहस्थ सहा जिवंत काडतुसं भरलेलं जुनं .३२ कुर्त्याच्या खिशात टाकून डीजेवर नाचतो.

मग त्या गृहस्थाला रेंजवर पाठवा, शिकेल, असं तुम्ही म्हणाल. अडचण इथेच आहे. आपल्या रेंजवर होल्स्टर शिकवलंच जात नाही, कारण खेळाला ते लागत नाही. ऑलिम्पिकच्या एकाही प्रकारात होल्स्टर नाही. पंचवीस मीटर रॅपिड फायर पिस्तूल घ्या. त्यात वेगाने हात वर आणून गोळी मारायची असते, पण सुरुवात होते हात पंचेचाळीस अंशात खाली धरून. पिस्तूल आधीपासून हातात. कमरेतून काढायचा प्रश्नच नाही. त्यामुळे वरळी असो की बालेवाडी, आपली सगळी रेंज-संस्कृती पेटी ते टेबल, टेबल ते पेटी अशी आहे. खेळ म्हणून ते शंभर टक्के बरोबर आहे. पण स्वसंरक्षणाचं लायसन्स घेतलेल्या माणसाचं हत्यार पेटीत नसतं. ते त्याच्या अंगावर असतं, रोज आठ-दहा तास. आणि त्या आठ-दहा तासांचं शिक्षण त्याला कुणीच देत नाही.

जिथे जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्वरचा खेळच केला जातो तिथले नियम बघण्यासारखे आहेत. अमेरिकेत सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी नावाची संस्था काउबॉय पद्धतीच्या स्पर्धा घेते. डोक्यावर हॅट, अंगावर जुने कपडे, कमरेला जुन्या नमुन्याची रिव्हॉल्वर. वरवर बघितलं तर निव्वळ नाटक. पण नियम वाचले तर रेंजवरच्या मास्तरापेक्षा कडक. सहाचं रिव्हॉल्वर असलं तरी पाचच गोळ्या, घोडा रिकाम्या घरावर. भरायचं ते वेगळ्या टेबलावर, दुसऱ्या माणसाच्या नजरेसमोर. रिकामं करायचं टेबल वेगळं, तिथेही दुसऱ्याने बघायचं. होल्स्टर उभ्या रेषेपासून तीस अंशांपेक्षा जास्त तिरपं असता कामा नये, म्हणजे मागे उभ्या असलेल्या माणसाकडे नळी रोखली जाणार नाही. नळी डावी-उजवीकडे ठरलेल्या कोनाबाहेर गेली की बाद. भरलेलं रिव्हॉल्वर हातातून पडलं की अख्ख्या स्पर्धेतून बाद. आणि माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा नियम म्हणजे पडलेलं हत्यार ज्याचं पडलं त्याने उचलायचं नाही. रेंज ऑफिसर उचलेल, तपासेल, रिकामं करेल, मग देईल.

हा नियम का, तर पडणारी वस्तू झेलणं हा माणसाचा स्वभाव. मोबाईल पडला की आपण पाय पुढे करतो. रिव्हॉल्वर पडताना हात आपोआप जातो, आणि घाईत पकडताना बोट नेमकं चापात जातं. म्हणून जगभर शिकवतात की पडणारं हत्यार झेलू नका. पण जुनं, पट्टी नसलेलं, सहा गोळ्यांचं हत्यार असेल तर? झेललं तरी धोका, पडू दिलं तरी धोका. म्हणजे उपाय पडल्यानंतर नाहीच. तो पडण्याआधीचा आहे, पाच गोळ्या आणि घट्ट होल्स्टर.

आता कायदा काय म्हणतो? इथे मला सरकारला दोष देता येत नाही, कारण लिहिलेलं व्यवस्थित आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत स्पष्ट म्हटलंय की सार्वजनिक ठिकाणी हँडगन न्यायची तर त्यासाठी बनवलेल्या होल्स्टरमध्ये, अंगाला बांधलेली, किंवा तशाच पिशवीत असली पाहिजे. ती पूर्ण झाकलेली हवी आणि बाळगणाऱ्याचं तिच्यावर नियंत्रण हवं. नाचवणं, दाखवणं बंद. त्याच नियमांत अर्जदाराने सुरक्षा प्रशिक्षण घ्यावं असंही आहे, आणि त्या प्रशिक्षणात हत्यार सुरक्षित हाताळणं आणि वागवणं हा विषय नावानिशी आहे. सुरक्षित साठवणुकीचं हमीपत्रही द्यावं लागतं. लायसन्सच्या अटींमध्ये जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव अशा ठिकाणी खास परवानगीशिवाय हत्यार नेऊ नये असं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लग्नात-मिरवणुकीत हवेत गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

म्हणजे होल्स्टर ही हौस नाही, ती कायद्याची अट आहे. किती लायसन्सवाल्यांना हे माहीत आहे? मी गेल्या काही दिवसांत ओळखीतल्या चौघांना सहज विचारलं. एकाने विचारलं, 'दादा, त्याचं पण लायसन लागतं का?'

जुन्या हत्यारांबद्दल आणखी एक गैरसमज जोरात आहे. 'अँटिक आहे, त्याला लायसन्स लागत नाही.' लागतं. शस्त्र कायद्यात सूट आहे ती कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्याराला, आणि तीसुद्धा ते दुरुस्त करूनही गोळी झाडू शकत नसेल तरच. नुसतं जुनं दिसतं, आजोबांचं आहे, वाड्यात भिंतीवर टांगलेलं होतं, म्हणून सूट नाही. गोळी सुटत असेल तर ते हत्यार आहे. भिंतीवरची तलवार आणि ट्रंकेतलं रिव्हॉल्वर यात फरक करायला शिका.

वारशाने हत्यारं येतात तीही याच वाटेने. सत्तर वर्षं वय झालं किंवा हत्यार पंचवीस वर्षं बाळगून झालं की लायसन्सधारक ते वारसाच्या नावे करायला अर्ज करू शकतो. सोय चांगली आहे. पण त्यातून काय होतं बघा. पंचवीस-तीस-चाळीस वर्षांचं रिव्हॉल्वर, ज्याचं लॉक कधी उघडून बघितलेलं नाही, ते मुलाच्या कमरेला येतं. सोबत बापाचं होल्स्टर येतं, बापाच्या पोटाच्या मापाने बनवलेलं, आणि आता पापडासारखं तडकलेलं नाहीतर फडक्यासारखं मऊ झालेलं. मुलगा म्हणतो बाबांची आठवण आहे. आठवण आहे तर जपा, तपासून घ्या. पासबुकाइतकी तरी काळजी घ्या.

माझ्या मते दोन-तीन गोष्टी आजच होऊ शकतात आणि त्याला नवा कायदा लागत नाही. नवी मुंबईत लायसन्स पोलीस आयुक्तालयाकडून मिळतं, पेण-कर्जतकडे जिल्हाधिकाऱ्यांकडून. दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. त्या वेळी कागदपत्रांसोबत हत्यार आणि होल्स्टर दोन्ही आणायला सांगा. पोलिसांच्या शस्त्रागारातल्या आर्मोररला दहा मिनिटं लागतील. घोडा नीट अडतो का, लॉक तुटलंय का, सिलिंडर डगमगतं का, होल्स्टर या हत्याराचंच आहे का.

पोलिसांकडे माणसं कुठे आहेत, असं लगेच ऐकायला मिळेल. खरंय, नाहीत. पण निवडणूक लागली की काय होतं? स्क्रीनिंग कमिटी बसते, ज्यांची नावं येतात ते आपापली हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करतात, पावती घेतात, निकालानंतर परत नेतात. लोकसभा, विधानसभा, महापालिका, किती वेळा झालं हे! म्हणजे हत्यारं आपसूक ठाण्यात आलेली असतात, काही आठवडे पडून असतात. तेव्हा का तपासत नाही? परत देताना नुसती पावती बघण्याऐवजी 'साहेब, होल्स्टर दाखवा' एवढं म्हणायला किती मनुष्यबळ लागतं?

दुसरं काम रेंजचं. रायफल क्लबांनी मनावर घेतलं तर महिन्यातून एक रविवार लायसन्सधारकांसाठी ठेवता येईल. गोळी झाडायचीच नाही. बनावट काडतुसं वापरायची, आणि होल्स्टर घालणं, काढणं, परत सारणं, बसून उठणं, गाडीत बसणं, कपाटात ठेवणं एवढंच शिकवायचं. जुन्या रिव्हॉल्वरसाठी नियम स्पष्ट ठेवायचे: पट्टीची रचना नसेल तर पाचच गोळ्या, भरलेलं हत्यार होल्स्टरमधून काढायचा सराव रेंजवर कुणीही करायचा नाही, आणि ज्याचं होल्स्टर चाप झाकत नाही त्याला आत प्रवेश नाही.

यावर एका जाणकार नेमबाजाने मला फोनवर झाडलं. म्हणाले, 'आमची रेंज खेळाची आहे, आम्ही हे बंदूकबाज लोक का घ्यायचे? मुलं असतात तिथे.' मुद्दा चुकीचा नाही. कमरेला रिव्हॉल्वर लावून रुबाबात येणारा माणूस आणि वहीत श्वासांची नोंद ठेवणारी बारावीतली मुलगी एकाच छताखाली नकोतच. वेळ वेगळी ठेवा, दिवस वेगळा ठेवा. पण शिस्त ज्यांच्याकडे आहे त्यांनीच दार लावलं, तर तो माणूस शिकणार कुठे? रीलवर?

दुसरा आक्षेप लायसन्सवाल्यांचा. 'पत्रकार साहेब, वेळ आली तर पाच गोळ्या कमी पडतील.' ज्याला पाच पुरत नाहीत त्याला सहावीही पुरणार नाही, हे कुणीही पोलीस अधिकारी सांगेल. आणि पट्टीवालं आधुनिक रिव्हॉल्वर असेल तर खुशाल सहा भरा. वेबलीचं .३२ सुद्धा आता परदेशातून यायची वाट बघावी लागत नाही, उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात बनतं. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं तर आहेच. नवं घ्या, जुनं रीतसर जमा करा किंवा विका.

बॉडीगार्ड हा वेगळा लेखाचा विषय आहे, पण एक वाक्य लिहितोच. ८ फेब्रुवारी २०२४ ला दहिसरमध्ये अभिषेक घोसाळकरांवर ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या, त्याचं लायसन्स मारेकऱ्याच्या बॉडीगार्डच्या नावावर होतं, आणि त्या बॉडीगार्डला शस्त्र कायद्याखाली अटक झाली. हत्यार ज्याच्या नावावर त्याच्या अंगावर नसेल, तर ते कुणाच्याही हाती जातं. 'अंगाला बांधलेलं' हे शब्द नियमात उगाच नाहीत.

आणि हो, खंडेनवमी. दरवर्षी त्या दिवशी माझ्या टाइमलाइनवर शस्त्रपूजनाचे फोटो येतात. पाटावर लाल कपडा, त्यावर रिव्हॉल्वर, हळद-कुंकू, झेंडूची फुलं, आणि बाजूला कौतुकाने बसलेला पाच वर्षांचा नातू. पूजेला विरोध नाही, आपल्या बापजाद्यांची पद्धत आहे. पण सिलिंडर उघडं ठेवून, गोळ्या वेगळ्या ठेवून पूजा करा. उघड्या सिलिंडरला कुंकू लावलं तर देव रागावणार नाही. फक्त कुंकू यंत्रात जाऊ देऊ नका, आर्मोररच्या शिव्या खाव्या लागतील. आणि फोटो टाकताना एवढं बघा, की घोडा कुठे आहे आणि नळी कुणाकडे आहे. गेल्या वर्षी बघितलेल्या एका फोटोत ती नातवाकडे होती.

या आठवड्यात बेलापूरला पोलीस आयुक्तालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकतोय. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप आणि तीन प्रश्न. नवी मुंबईत हँडगनची किती लायसन्स चालू आहेत? त्यातल्या किती जणांचं सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र फाईलला आहे? आणि गेल्या पाच वर्षांत नूतनीकरण करताना किती हत्यारांची प्रत्यक्ष तांत्रिक तपासणी झाली? कायद्याने तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं की जसंच्या तसं इथे टाकेन. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे लायसन्स आहे त्यांनी तोवर एक करा. आज रात्री हत्यार रिकामं करून होल्स्टर उलटं धरून बघा, आणि पडतंय की राहतंय ते मला इनबॉक्समध्ये कळवा. नाव छापणार नाही.